वर्तमानात जगणे म्हणजे मसूर विसरणे नव्हे

सातारा-सांगलीकडच्या विहारांत आनापानाची बैठक संपली की तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो. “वर्तमानात जगा म्हणता, मग आमच्या आजा-पणजाने सोसलेलं विसरायचं का? उद्याच्या लढ्याचा विचारच करायचा नाही का?” प्रश्न रास्त आहे. ‘माइंडफुलनेस’ची जी ॲप बाजारात विकली जातात ती ऐकून कुणालाही हा संशय येईल. पण तथागतांची सम्यक स्मृती वेगळी आहे, आणि त्याचा पहिला पुरावा शब्दातच आहे. पालीतला ‘सति’ म्हणजे आपली ‘स्मृती’. ज्या साधनेचे नावच आठवण, ती विस्मरण कशी शिकवेल?

मज्झिम निकायातील भद्देकरत्त सुत्तात भगवंतांनी याचा उलगडा केला आहे. भूतकाळ आठवण्याला तिथे दोष दिलेला नाही. दोष आहे तो ‘मी असा होतो, मला असे वाटत होते’ यात मन रमवून बसण्याला. भविष्याचेही तसेच. आणि त्याच सुत्तात आजचा प्रयत्न आजच करण्याचा आग्रहही आहे. हात जोडून स्वस्थ बसणाऱ्याची ही शिकवण नव्हे.

आता साताऱ्याचेच उदाहरण घेऊ. 1901 च्या सुमारास नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणीच आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, असे ठरले. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये तीसएक वर्षांनी लिहिले. त्यात शिव्याशाप जवळजवळ नाहीत. कोण काय बोलले, किती वेळ थांबावे लागले, भाडे कसे ठरले, रात्र कुठे काढली, हेच आहे. तो मुलगा त्या दिवशी नीट पाहत होता, म्हणून तर तो प्रसंग आज साक्षीपुराव्यासारखा उभा राहतो.

सांगलीकरांना हीच गोष्ट कृष्णा नदी शिकवते. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 फूट म्हणजे धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये “2005 ला पाणी इथवर आलं नव्हतं, आताही येणार नाही” म्हणून कितीतरी लोक घरातच थांबले. पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. चूक आठवण ठेवण्यात नव्हती. पुलावर आज काय दिसते आहे ते न बघता जुन्या खुणेवर विसंबण्यात होती. उलट, आता पहिल्या पावसालाच ज्यांची झोप उडते, तेही आजची पातळी पाहत नाहीत.

चळवळीत तर याची रोज गरज पडते. रात्री फोनवर महामानवांची विटंबना करणारी पोस्ट येते. कान तापतात, छातीत धडधडते, बोट आपोआप ‘फॉरवर्ड’वर जाते आणि विटंबना आपणच चार गावांत पोहोचवतो. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म यांचे निरीक्षण सांगितले आहे. ते इथे करायचे: कान तापले आहेत, राग आला आहे, श्वास जोरात चालला आहे. एवढे ओळखले की राग जात नाही, पण बोट थांबते. मग स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ, आणि तक्रार.

1989 च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली जातिवाचक अपमानाचा गुन्हा नोंदवताना घटना लोकांच्या नजरेसमोर घडली का, नेमके कोणते शब्द उच्चारले, तिथे कोण हजर होते, याला फार महत्त्व असते. संतापाच्या भरात लिहिलेल्या फिर्यादीत नेमके हेच सुटते आणि पुढे कोर्टात बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. आमच्या मते कार्यकर्त्याने सति शिकण्याचे हे एकच कारण पुरेसे आहे.

डोळे मिटून बसणे म्हणजे लढ्यातून पळ, असा आक्षेप काही जुने कार्यकर्ते घेतात. त्यांचे सगळेच खोटे नाही. दहा-दहा दिवसांची शिबिरे करून गावातल्या स्मशानभूमीच्या वादाला न फिरकणारे साधक आम्हीही पाहिले आहेत. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अष्टांगिक मार्ग समजावताना सम्यक स्मृती वगळलेली नाही. मनाने विकारांवर सतत ठेवलेला पहारा असाच तिचा अर्थ त्यांनी सांगितला. सम्यक व्यायामाला तिचा शेजार आहे, तो उगीच नाही.

वर्षावासात बहुतेक विहारांत या ग्रंथाचे वाचन होतेच. त्याआधी दहा मिनिटे बसावे, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहावा. मन मागच्या भांडणात गेले की ‘गेले’ एवढे ओळखून परत आणावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत पन्नासदा आणावे लागते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मसूर स्टेशन आजही पुणे-मिरज मार्गावर आहे. त्या बाजूने रेल्वेने जाल तेव्हा खिडकीतून जरूर पाहा.