उन्हाच्या गावात दिवा कशाला?

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथे भर दुपारी थेट डोक्यावर येतो. अशा गावात सोरायसिसच्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञाने ‘नॅरोबँड यूव्हीबी’च्या दिव्यासमोर उभं राहायला सांगितलं, तर घरचे विचारणारच : ऊन अंगणात फुकट पडलंय, मग दिवा कशाला? शंका रास्त आहे, कारण दोन्हींतला औषधी भाग एकच, अतिनील किरण. पण औषध म्हटलं की मात्रा आली, आणि ती ऊन देत नाही.

सोरायसिसमध्ये शरीराच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी त्वचेत ठाण मांडून दाह पेटता ठेवतात. एरवी महिनाभर चालणारी कातडीची नवी घडण काही दिवसांत उरकते आणि पापुद्रे साचत जातात. यूव्हीबी हे अतिनील किरण त्वचेच्या वरच्या थरात शोषले जातात, तिथल्या पेशींच्या डीएनएला धक्का देतात. बऱ्याच टी-पेशी मरतात, उरलेल्या नरमतात. पॅरिश आणि येनिके या संशोधकांनी १९८१ साली वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण चट्ट्यांवर टाकून पाहिले. २९० नॅनोमीटर आणि त्याखालचे किरण कातडी भाजत, पण गुण देत नव्हते. गुण आला तो त्याच्या वर, ३१३पर्यंतच्या पट्ट्यात. आजचे ३११ नॅनोमीटरचे नॅरोबँड दिवे या शोधाच्याच वाटेवरचे.

आता उन्हाकडे पाहू. आपल्याकडे औषधी मानतात ते कोवळं ऊन. पण सूर्य खाली असताना किरणांना हवेतून तिरकी, लांबची वाट कापावी लागते आणि वाटेतला ओझोन यूव्हीबी गिळतो. कोवळ्या उन्हात ऊब मिळते, औषध जेमतेम. ते मिळतं दुपारी, म्हणजे नेमकं जेव्हा कातडी भाजते. आणि भाजलेल्या जागी सोरायसिसचे नवे चट्टे उठू शकतात. ऑगस्टमध्ये सूर्य पुन्हा माथ्यावर येतो खरा, पण कोकणात तेव्हा तो ढगांमागे असतो. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला थोडी वाढवत न्यायची मात्रा अशा उन्हात मोजणार कशी? मृत समुद्राकाठी ऊन घेऊन लोक बरे होतात, हा दाखला दिला जातो. तो किनारा समुद्रसपाटीपेक्षा चारशेहून अधिक मीटर खाली आहे. तिथल्या हवेच्या जाड थरात यूव्हीबी आणखी गाळला जातो, म्हणून उन्हात जास्त वेळ बसता येतं. रत्नागिरीतल्या मांडवीच्या किनाऱ्याला ती सोय नाही.

अतिनील किरणांनी कर्करोग होईल ही भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. सोरॅलेनच्या गोळ्या आणि यूव्हीए हे अतिनील किरण यांच्या जुन्या ‘पुवा’ उपचारात त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. (सोरॅलेन आपल्या बावचीतही असतं, कोडावर बावची आणि ऊन हा आपल्याकडचा जुना तोडगा.) नॅरोबँडचं चित्र वेगळं आहे : स्कॉटलंडमध्ये ३,८६७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असा ठळक संबंध आढळला नाही. ते रुग्ण बहुतेक गोरे. आपल्या सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं जादा संरक्षण असतं. तरी डोळ्यांना गॉगल आणि एकूण मात्रेची नोंद हवीच.

खरी अडचण मला अंतराची वाटते. यंत्र रत्नागिरी शहरात असलं, तरी जिल्ह्यातल्याच दूरच्या मंडणगडच्या माणसाने आठवड्यातून तीनदा, सलग तीन महिने एसटीने ये-जा करायची, तीही काम बुडवून? अमेरिकेत ७८३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ चाचणीत निम्म्यांना घरी दिवा दिला, निम्म्यांना दवाखान्यात बोलावलं. बारा आठवड्यांनी त्वचा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाली ती घरी उपचार घेणाऱ्यांपैकी ३२.८ टक्क्यांची, दवाखान्यात घेणाऱ्यांपैकी २५.६ टक्क्यांची. ठरल्याप्रमाणे उपचार घेणारे घरी ५१.४ टक्के होते, दवाखान्यात अवघे १५.९. घरी दिला तर माणूस जास्तच शेकून घेईल, या आक्षेपावर उपाय यंत्रातच करता येतो : डॉक्टरांनी ठरवलेल्या खेपा संपल्या की दिवा पेटत नाही, पुढच्यासाठी त्यांनाच विचारावं लागतं. घरोघर दिवा परवडणार नाही हे मान्य, पण तालुक्याच्या रुग्णालयात एक यंत्र आणि ते चालवायला शिकलेली एक परिचारिका ही मागणी अवाजवी नाही. त्वचारोगतज्ज्ञाने महिन्यातून एकदा येऊन मात्रा तपासली, तरी बरंच काम भागेल.