डेकवरील माल म्हणून नौकेची आयात

एखादी नौका स्वतःच्या बळावर प्रवास न करता मालवाहू जहाजाच्या डेकवर ठेवून दुसऱ्या देशात आणली जाते, तेव्हा तिला डेकवरील माल म्हणून झालेली आयात म्हणतात. क्रीडानौका, टग व लहान मासेमारी नौका अनेकदा अशा रीतीने आणल्या जातात. भारतात या आयातीचे नियमन प्रामुख्याने सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार होते.

कायदेशीर स्वरूप

अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्यांनुसार नौका ही वाहतुकीचे साधन असू शकते, तशीच ती मालही असू शकते. डेकवर बांधून आणलेली नौका माल ठरते आणि तिला आणणारे जहाज वाहतुकीचे साधन मानले जाते. त्यामुळे इतर आयात मालाची सर्व बंधने तिला लागू होतात.

वर्गीकरण व मूल्य

नौकांचा समावेश सीमाशुल्क दरसूचीच्या प्रकरण ८९ मध्ये होतो. मासेमारी नौका शीर्षक ८९०२, क्रीडा व विहाराच्या नौका ८९०३, तर टग ८९०४ खाली येतात. शुल्काचा दर या वर्गीकरणावर अवलंबून असतो. कलम १४ व २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार खरेदीच्या किमतीत आयातीच्या ठिकाणापर्यंतचे वाहतूकभाडे व विमाखर्चही मिळवला जातो.

प्रक्रिया

जहाजाच्या आयात मॅनिफेस्टमध्ये नौकेची नोंद आवश्यक असते. नोंद नसलेला माल सामान्यतः उतरविता येत नाही. आयातदाराने कलम ४६ खाली बिल ऑफ एंट्री सादर करावयाचे असते. तपासणी व शुल्कभरणा झाल्यावर कलम ४७ खाली नौका सोडली जाते. तोपर्यंत ती मान्यताप्राप्त अभिरक्षकाच्या ताब्यात राहते. क्रेनने पाण्यात उतरविली, एवढ्याने तिची सुटका झाली असे होत नाही.

अन्य अटी

नौकेखालील लाकडी आधार व टेकू यांवर आंतरराष्ट्रीय मानक आयएसपीएम १५ नुसार प्रक्रिया केलेली असावी लागते. या मानकातील रूढ उष्णता-प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यासह सर्व भागांचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस ठेवतात. नौकेवर उपग्रह दूरध्वनी असल्यास त्यासाठी दूरसंचार विभागाची स्वतंत्र परवानगी लागते.

उल्लंघनाचे परिणाम

मॅनिफेस्टमध्ये नोंद नसल्यास किंवा मूल्य व वर्णन चुकीचे दिल्यास कलम १११ खाली नौका जप्तीस पात्र ठरते. कलम १२५ नुसार दंड भरून ती सोडविण्याचा पर्याय दिला जाऊ शकतो. मात्र देय शुल्क त्याव्यतिरिक्त भरावे लागते.