दोष दिसतो दारावर, जन्मतो गिरणीत

घरात नवे लोखंडी कपाट आले, की दोन दिवस सगळ्यांचे हात त्याच्या दारावरून फिरतात. मग एखाद्या संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड पडतो आणि रंगाखाली एक पुसट आडवी रेघ दिसते. 'रंगारी बेपर्वा असणार,' असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. रंगारी प्रेसवाल्याकडे बोट दाखवतो आणि प्रेसवाला पत्र्याकडे. दोष नेमका कुणाचा?

कपाट, फ्रिज, मोटारीचे दार हे सारे ज्या गुळगुळीत पत्र्याचे बनते, त्याला बाजारात 'सी.आर.' म्हणतात. कोल्ड रोल्ड, म्हणजे न तापवता लाटलेला. आधी पोलादाची जाड लादी सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवून तिची काही मिलिमीटर जाडीची पट्टी करतात. तिच्यावरची काळी खपली अॅसिडने काढतात. मग ती थंड पट्टी प्रचंड दाबाखाली रुळांमधून काढून आणखी पातळ करतात. त्याने ती कडक होते, म्हणून सुमारे ७०० अंशांच्या भट्टीत मऊ करतात आणि शेवटी रुळांचा एक हलका हात फिरवतात.

यातले निम्मे दोष पोळ्या लाटणाऱ्या कुणालाही चटकन कळतील! लाटण्याला सुकलेल्या कणकेचा कण चिकटला, की प्रत्येक फेऱ्याला पोळीवर खळगा उमटतो. रुळाचेही तसेच. ५० सेंटिमीटर व्यासाच्या रुळाचा परीघ सुमारे १५७ सेंटिमीटर. शेवटच्या रुळावर ओरखडा असेल, तर पत्र्यावर जवळपास तेवढ्याच अंतराने तीच खूण उमटत जाते. खूण आधीच्या रुळाची असेल, तर पत्रा लांबतो तसे हे अंतरही वाढते. म्हणजे साध्या मोजपट्टीने गुन्हेगार रूळ हुडकता येतो. पोळीच्या कडांवर जोर जास्त पडला, की कडेला झालर येते. पत्र्याच्या कडाही तशाच लहरतात. त्यासाठी रूळ किंचित वाकवून दाब सारखा करतात, रुळांच्या कोणत्या भागावर किती गार पाणी सोडायचे तेही सांभाळतात.

पण आपल्या कपाटावरची ती रेघ अधिक फसवी. पत्रा गोदामात निर्दोष दिसतो. गुंडाळी उलगडताना किंवा प्रेसखाली ताणताना मात्र अंगावर रेघा उठतात. असे पट्टे ल्यूडर्स यांनी १८६० मध्ये नोंदवले. त्यांचे कारण कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये मांडले. पोलादातले कार्बन व नायट्रोजनचे अणू स्फटिकांतल्या विस्कटलेल्या जागा अडवून बसतात. ताण वाढला, की काही भाग एकदम सुटतो आणि शेजारचा तसाच राहतो. शेवटचा हलका हात, जेमतेम एक टक्का लांबी वाढवणारा, ही अडवणूक मोडतो. मात्र साध्या पत्र्यात ती काही महिन्यांत परत येते, उन्हाळ्यात तर लवकर. म्हणून आधी आलेला माल आधी वापरायचा. पोलादातच टायटॅनियम किंवा निओबियम घालून त्या अणूंना बांधून ठेवले, तर हा धोका टळतो.

आपल्याकडचा पावसाळा हा आणखी एक शत्रू. गुंडाळीच्या थरांत ओल शिरली, की बाहेरून चकचकीत दिसणारा माल आतून गंजतो. पत्र्याला तेलाचा हात, ट्रकवर धड ताडपत्री आणि कोरडे गोदाम एवढ्याने पुष्कळ नुकसान वाचते.

भोसरी किंवा नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपला हे वाचणे फार मोलाचे. खराब पत्रा रंग देईपर्यंत कळला नाही, तर पत्र्याबरोबर मजुरी, वीज, रंग आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो. आणि बोलणी बसतात ती शेवटी हात लावणाऱ्या कामगाराला! 'हे कुणी केले?' असे दरडावले, की तो खूण झाकायला शिकतो. 'हे कुठून आले असेल?' असे विचारले, तर तोच मोजपट्टी घेऊन पुढे येतो.

दोष तपासणीत पकडणे चांगलेच. पण लाटणे पोळी लाटण्याआधी पुसायचे असते, हे आपल्या स्वयंपाकघराला केव्हाचे ठाऊक आहे.