‘फोर बाय फोर’ पिकअपचे तेल निवडताना...

ट्रान्सफर केसमध्ये महागडे किंवा घट्ट तेल नव्हे, तर नेमके तेल हवे

बोरी बुद्रुक (ता. जुन्नर) : कुकडी नदीच्या काठावरील हे गाव भूशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून उडून येथवर पोचलेल्या राखेमुळे. शेतकऱ्याचा रोजचा संबंध मात्र त्या राखेशी नसून काठच्या काळ्या मातीशी असतो. उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती पावसाळ्यात चाकांना अशी चिकटते, की माल भरलेली पिकअप बांधावरच रुतून बसते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो किंवा आळेफाट्याला कांदा वेळेत पोचवायचा, तर अशा वेळी चारही चाकांना जोर देणारी ‘फोर बाय फोर’ गाडी मोठाच आधार ठरते. पुण्या-मुंबईत राहून गावाकडची शेती सांभाळणाऱ्या अनेकांचाही अशा गाड्यांकडे ओढा असतो. मात्र ऐन चिखलात लिव्हर ओढावा आणि गाडीखालून खरखर ऐकू यावी, असा प्रसंग ओढवू शकतो. त्यामागे अनेकदा एक साधे कारण असते : ट्रान्सफर केसमध्ये पडलेले चुकीचे तेल, किंवा वर्षानुवर्षे न बदललेले तेल.

ट्रान्सफर केस म्हणजे काय?

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून बाहेर पडल्यावर पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये वाटून देणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. ‘टू-एच’, ‘फोर-एच’ आणि ‘फोर-एल’ या खुणा असलेला लिव्हर किंवा बटण याच पेटीला आज्ञा देते. ‘फोर-एल’मध्ये चाकांचा वेग कमी होतो आणि ओढण्याची ताकद वाढते.

या पेटीची रचना सगळ्या गाड्यांत सारखी नसते, आणि तेलाच्या निवडीचा सारा प्रश्न येथूनच सुरू होतो. जुन्या जीपच्या पिढीतील ट्रान्सफर केसमध्ये दातेरी चाकेच एकमेकांना फिरवत. त्यांना घट्ट, 90 क्रमांकाचे गिअर ऑइल लागे. पुढे आलेल्या अनेक पेट्यांत पुढच्या धुऱ्याकडे शक्ती साखळीने जाते आणि आत एक छोटा पंप तेल उचलून बारीक वाटांनी बेअरिंगपर्यंत पोचवतो. अशा पेट्यांसाठी निर्माते बहुधा ‘एटीएफ’, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनलेले पातळ तेल सांगतात. गाडीचा गिअरबॉक्स हाताने बदलण्याचा असला, तरीही ट्रान्सफर केसला एटीएफ लागू शकते, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

घट्ट तेल म्हणजे चांगले तेल?

‘तेल जितके घट्ट, तितके संरक्षण जास्त’ हा गॅरेजमधला जुना समज. शंभर अंश सेल्सिअस तापमानाला सर्वसाधारण एटीएफची घनता, नेमके सांगायचे तर प्रवाहाला होणारा विरोध, 90 क्रमांकाच्या गिअर ऑइलच्या निम्म्याच्या आसपास असतो. पातळ तेलासाठी आखलेल्या पंपाला घट्ट तेल दिले, तर थंडीतल्या पहाटे ते बारीक वाटांतून वेळेवर पुढे सरकत नाही आणि बेअरिंग काही काळ कोरडे फिरते. उलट, दातेरी चाकांच्या जुन्या पेटीत पातळ तेल घातले, तर दातांमधला तेलाचा थर टिकत नाही, आवाज वाढतो आणि जुन्या सीलमधून गळतीही होते.

क्रमांकांचाही घोळ होतो. गिअर ऑइलचा 90 आणि इंजिन ऑइलचा 40 हे आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. आकडा दुप्पट दिसला, तरी ही तेले प्रत्यक्षात जवळपास सारखीच घट्ट असू शकतात. ‘75डब्ल्यू-90’ यातील पहिला भाग थंडीतला गुण सांगतो, तर दुसरा भाग तेल तापल्यावरचा.

‘जीएल-4’ आणि ‘जीएल-5’

गिअर ऑइलच्या डब्यावर ‘एपीआय जीएल-4’ किंवा ‘जीएल-5’ असे लिहिलेले असते. मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा, असा अर्थ लावणे येथे महागात पडते. जीएल-5 हे मुख्यतः डिफरन्शियलमधील हायपॉइड गिअरसाठी असते. तेथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात. त्यासाठी या तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त रसायने जास्त प्रमाणात घातलेली असतात. यांतील काही तेले पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवत नाहीत. रिंग झिजते आणि गिअर टाकताना अडखळतो. म्हणून पुस्तिकेत जीएल-4 लिहिले असेल, तर जीएल-5 ही ‘सुधारित आवृत्ती’ समजून वापरू नये.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल ही एकाच गाडीखालची तीन स्वतंत्र घरे आहेत. तिन्ही घरांत एकच तेल चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

रंगावर जाऊ नये

एटीएफला सहसा लाल रंग दिलेला असतो. तो केवळ ओळखीसाठी. दर्जाची हमी नव्हे. जनरल मोटर्सच्या काही अमेरिकी पिकअपसाठीचे ‘ऑटो-ट्रॅक टू’ हे तेल निळे असते. टोयोटाच्या अलीकडच्या काही गाड्यांसाठी 75डब्ल्यू दर्जाचे पातळ, खास ट्रान्सफर केसचेच तेल सांगितलेले आहे. ज्या पेट्यांत आपोआप जोडला जाणारा क्लच असतो, तेथे तर तेलाचे घर्षणाचे गुणही नेमके जुळावे लागतात. एरवी वळताना गाडी थरथरते.

‘डेक्सरॉन-3’ हे नाव अनेक जुन्या पुस्तिकांत आढळते. या मानकाचा परवाना जनरल मोटर्सने 2006 नंतर देणे थांबवले. त्यामुळे आज डब्यावर हे नाव दिसले, तर त्यामागे मूळ कंपनीची तपासणी नसते. विश्वास ठेवायचा तो तेल बनवणाऱ्यावर. ‘डेक्सरॉन-6’ हे पुढचे तेल त्याहून काहीसे पातळ असते. ते आपल्या ट्रान्सफर केसला चालते का, हे गाडीच्या कंपनीकडून विचारून घेणे हिताचे.

तेल बदलताना

जुनी पिकअप विकत घेतली असेल, तर आधीच्या मालकाने काय घातले होते याचा शोध घेण्यापेक्षा तेल एकदा पूर्ण बदलून नवा हिशेब सुरू करणे बरे. ट्रान्सफर केसला साधारणपणे एक ते दोन लिटर तेल पुरते. त्यामुळे हा खर्च नव्या साखळीच्या किंवा बेअरिंगच्या तुलनेत किरकोळ आहे.

गाडी थोडी चालवून सपाट जागेवर उभी करावी आणि आधी वरचा, तेल भरण्याचा प्लग उघडावा. तो गंजून अडकला असेल आणि खालचा प्लग आधी काढला, तर तेल रिकामे होईल. पण नवे भरता येणार नाही. खालच्या प्लगवर चुंबक असल्यास त्यावरची बारीक करडी पेस्ट ही नेहमीची झीज समजावी. धातूचे तुकडे आढळले, तर मात्र पेटी उघडून पाहण्याची वेळ आली आहे. बहुतेक गाड्यांत भरण्याच्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागले, की पातळी पुरी झाली असे मानतात.

गाडी ओढ्याच्या पाण्यातून गेली असेल, तर तेल तपासावेच. तापलेली पेटी अचानक गार पडली, की आतली हवा आकसते आणि ब्रीदर नळी चिखलाने बुजली असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधी दिसले, तर ते तत्काळ बदलावे. तेल किती किलोमीटरनंतर बदलायचे, हे पुस्तिकेत दिलेले असते. चिखल, ओझे आणि पाणी यांतून रोज जाणाऱ्या गाडीसाठी त्यातला ‘कठोर वापरा’चा तक्ता पाहावा. काढलेले तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. 2016च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते.

हे लक्षात ठेवा

- गाडीच्या पुस्तिकेत ‘ट्रान्सफर’ या शीर्षकाखाली लिहिलेले तेलच अंतिम.
- तेलाचा प्रकार, जीएल दर्जा आणि क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत.
- दोन प्रकारची तेले मिसळू नयेत.
- बदलाची तारीख, किलोमीटर आणि तेलाचे नाव लिहून ठेवावे.
- ‘फोर-एच’ आणि ‘फोर-एल’ हे घसरड्या जमिनीसाठी आहेत. पार्ट-टाइम पद्धतीच्या गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर ते लावून ठेवले, तर योग्य तेलही पेटीला वाचवू शकत नाही.

तेलाची ही तपासणी करण्यास योग्य काळ म्हणजे मे महिना. गाडी चिखलात रुतल्यावर तेलाचा विचार करून उपयोग नसतो. त्या वेळी मागे भरलेला माल बाजाराची वाट पाहत असतो.