डोळा चोळू नका, ओला ठेवा

हिवाळ्यात संध्याकाळी ईस्ट क्रॉयडनला ट्रेनमधून उतरते तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असतं. दिवसभर हीटरची कोरडी हवा, समोर स्क्रीन आणि डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स. घरी येऊन लेन्स काढल्या की हात आपोआप डोळ्यांकडे जातो. दोन मिनिटं चोळले की काय बरं वाटतं! पण मला केराटोकोनस आहे, त्यामुळे ही दोन मिनिटं मला महागात पडू शकतात. का, ते आज सांगते. मी संशोधक आहे, नेत्रतज्ज्ञ नाही. उपचार तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बुबुळासमोरचा पारदर्शक घुमट म्हणजे कॉर्निया, मराठीत पारपटल. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. केराटोकोनसमध्ये तो पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा किशोरवयात होते. रस्त्यावरच्या दिव्याला शेपटं फुटतात, एकाचे दोन-तीन दिसतात, आणि चष्म्याचा सिलिंडरचा नंबर सारखा बदलतो.

आपल्या लोकांत हा आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर भागातल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो आशियाई वंशाच्या लोकांत गोऱ्या लोकांच्या चौपटीहून अधिक आढळला. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेला 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' तर थेट आपल्या मातीतला. त्यात तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि सुमारे २.३ टक्के लोक केराटोकोनसच्या निकषात बसले. हा निकष फक्त कॉर्नियाच्या वक्रतेवर आधारलेला होता, म्हणून आकडा थोडा सैल धरावा. तरीही तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आता कोरडेपणाकडे वळू. अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. कॉर्नियाला चिकटून चिकट श्लेष्म, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतून येतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. प्रत्येक उघडझापीबरोबर हा लेप नव्याने पसरतो. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, म्हणून लेप मध्येच फाटतो. कॉर्निया उंचसखल असेल तर तो आणखी लवकर फाटतो, आणि वर लेन्स बसवली की त्याचे दोन भाग होतात.

मग डोळा चुरचुरतो आणि आपण चोळतो. आधीच कमकुवत झालेल्या पडद्यावर बोटाचा दाब पडतो. डोळे चोळण्याचा केराटोकोनसशी जवळचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. तेच मूळ कारण आहे का, यावर अजून वाद आहे. पण आकार बिघडला की अश्रूंचा लेप आणखी अस्थिर होतो, आणि पुन्हा चुरचुर सुरू होते. म्हणूनच आमच्यासारख्यांना कोरडेपणावरचा उपचार नुसता आरामासाठी नसतो. तो चोळण्याचं कारणच काढून टाकतो.

हे कसं साधायचं?

थेंब: प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले निवडा. अनेक बाटल्यांत असणारं बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार वापरल्यास डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देतं, आणि मऊ लेन्स ते शोषून घेतात.

शेक: कोमट फडक्याने दहा मिनिटं शेकल्यावर ग्रंथींतलं घट्ट तेल पातळ होतं. त्यानंतर पापण्यांना मसाज करा असं सर्रास सांगितलं जातं. इथे केराटोकोनसवाल्यांनी जपायला हवं: फडकं नुसतं टेकवायचं, डोळ्यावर दाबायचं नाही, आणि मसाज करावा का व कसा, हे तपासणाऱ्यालाच विचारायचं.

परागकण: एप्रिल ते जुलै इथे आधी बर्च आणि मग गवताचे परागकण उडतात. जळजळ बहुधा कोरडेपणाची, तर खाज बहुधा ॲलर्जीची. दोन्हींचे उपचार वेगळे. क्लोरफेनामिनसारख्या जुन्या गोळ्या डोळे आणखी कोरडे करू शकतात, म्हणून फार्मासिस्टला ॲलर्जीच्या थेंबांबद्दल विचारा. खाजेवर गार पट्टीही बरी.

लेन्स: स्क्लेरल लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियाला शिवत नाही. मधल्या पोकळीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन भरतात. त्यामुळे उंचसखलपणा झाकला जातो आणि कॉर्निया दिवसभर ओला राहतो. कल्पना जुनीच आहे: १८८८ मध्ये पॅरिसच्या युजीन काल्ट यांनी केराटोकोनससाठी काचेची वाटी वापरून पाहिली होती.

पाणी: लेन्सला नळाचं पाणी कधीही लावू नका, लेन्स घालून आंघोळही नको. पाण्यातल्या अकँथअमीबामुळे होणारा संसर्ग दृष्टी घालवू शकतो. भारतात गेल्यावर बोअरचं पाणी आणि आजीचं गुलाबपाणी, दोन्ही डोळ्यांपासून लांबच ठेवा. डोळा लाल होऊन दुखला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डोळे दाखवा.

शेवटचं सांगणं घरातल्या मुलांबद्दल. क्रॉसलिंकिंग या उपचारात कॉर्नियावर रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, घालून अतिनील किरण सोडतात. त्याने बहुतेकांत आजार वाढायचा थांबतो, पण गेलेला आकार पूर्ववत होत नाही. म्हणून वेळेवर कळणं महत्त्वाचं. घरात कुणाला केराटोकोनस असेल, किंवा मूल सतत डोळे चोळत असेल आणि त्याचा नंबर बदलत असेल, तर ऑप्टिशियनला कॉर्नियाच्या टोपोग्राफीबद्दल विचारा. चष्मा बदलून आणला की काम झालं, असं समजू नका.

माझं म्हणाल तर थेंबांची छोटी कुपी आता कोटाच्या खिशात असते. हात डोळ्याकडे निघाला की आधी खिशात घालते.