मोटारीच्या चाकांतील पहारेकरी

आपल्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून समृद्धि महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ता. ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. ज्या मोटारी एरवीं गांवच्या रस्त्यांनीं ताशीं चाळीस-पन्नास किलोमीटर वेगानें जातात, त्याच तेथें ताशीं १२० किलोमीटरच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत धांवतात. गाडी तीच, चालक तोच. परंतु चाकांवर पडणारा ताण मात्र निराळा. म्हणून नव्या मोटारींत चालकासमोर असणाऱ्या एका लहानशा पिवळ्या दिव्याची नीट ओळख करून घेणें अगत्याचें आहे. घोड्याच्या नालासारखी आकृति व मधोमध उद्गारचिन्ह, असें त्याचें रूप असतें. "हा दिवा उगाच लागतो, दुरुस्त केला तरी पुन्हां लागतो," अशी तक्रार पुष्कळ पालकांच्या तोंडून ऐकूं येते. ती कितपत खरी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

प्रथम हवेचें कार्य पाहूं. रबरांत हवा कोंडून तिच्यावर चाक चालविण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटिश गृहस्थास सुचली व त्यानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें ती व्यवहारांत रूढ केली. मोटारीचा भार मुख्यतः रबर उचलीत नाहीं. आंत कोंडलेली हवा उचलते. हवा कमी झाली कीं टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते व पुन्हां सरळ होते. लोखंडी तार वारंवार वांकविली असतां जशी तापते, तसें हें रबरहि तापतें. ताशीं १२० किलोमीटर वेगास साधारण मोटारीचें चाक एका सेकंदांत सुमारें सतरा फेरे घेतें. त्यांत वैशाखांतील वऱ्हाडचें ऊन! अशा उष्णतेनें टायरचे थर सुटतात आणि शेवटीं तो फुटतो.

२००० सालच्या सुमारास अमेरिकेंत टायरचे थर सुटून झालेल्या अपघातांत दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्याच वर्षीं तेथें कायदा झाला, व सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या मोटारीस हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारांत दाब प्रत्यक्ष मोजला जात नाहीं. हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होऊन इतरांहून अधिक फेरे घेतें, त्यावरून अनुमान काढलें जातें. या प्रकारांत हवा भरल्यावर गाडीस तसें बटण दाबून कळवावें लागतें. न कळविल्यास दिवा चुकीचा लागतो. दुसऱ्या प्रकारांत प्रत्येक चाकांत, हवा भरण्याच्या नळीपाशीं, एक सेन्सर बसविलेला असतो. तो दाब मोजून बिनतारी संदेशानें गाडीस कळवितो. वारंवार बिघाडाची तक्रार बहुधा याचविषयीं असते.

हा दिवा दोन प्रकारें बोलतो. गाडी सुरू करतांच तो लागून स्थिर राहिला, तर हवा कमी आहे असें समजावें. प्रथम सुमारें एक मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत यंत्रणेंतच दोष आहे असा त्याचा अर्थ. पुष्कळ लोक हा भेद न पाहतां दोहोंसहि "सेन्सर बिघडला" असें म्हणून मोकळे होतात.

पहिला प्रकार घेऊं. हिवाळ्यांत पहांटे दिवा लागतो व दहा वाजतां आपोआप विझतो. म्हणून लोक त्यास खोडसाळ म्हणतात. परंतु बंद जागेंतील वायु थंड झाला कीं त्याचा दाब उतरतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम तुम्ही वर्गांत शिकतां. मोटारीच्या टायरांत दहा अंश सेल्सिअसमागें हा फरक सुमारें दीड पौंड असतो. समजा, गाडीस ३३ पौंड हवा सांगितली आहे. दूरच्या प्रवासानें टायर तापले असतां तुम्ही पंपावर ३३ पौंड भरलेत. टायर निवल्यावर त्यांत २९ राहिले. पहांटेच्या थंडीनें २७ झाले. महिन्याभरांत एखादा पौंड सहज झिरपला. आतां नेमलेल्या दाबाच्या एकपंचमांशाहून अधिक घट झाली व दिवा लागला. यांत सेन्सरचा अपराध कोणता? हवा नेहमीं गाडी तीन तास उभी राहून टायर निवल्यावर मोजावी, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावी.

आतां खरा बिघाड. सेन्सरमधील बॅटरी आंतच बंद केलेली असते; ती बदलतां येत नाहीं. तिचें आयुष्य साधारणतः पांच ते दहा वर्षें. चारही सेन्सर एकाच दिवशीं बसविलेले, म्हणून ते थोड्याथोड्या अंतरानें एकामागून एक थकतात. एक बदलावा, तों चार महिन्यांनीं दुसरा बंद पडतो, आणि मालकास वाटतें कीं तोच दोष परत आला. वास्तविक तें वय आहे. गाडी आठ वर्षांची असेल, तर नवे टायर घालतांना चारही सेन्सर बदलणें शेवटीं स्वस्त पडतें.

दुसरें कारण, टायर काढतांना लोखंडी पट्टीच्या धक्क्यानें सेन्सर मोडतो. म्हणून तो कोठें आहे हें कारागिरास आधींच सांगावें. तिसरें, ॲल्युमिनियमच्या नळींत साधी पितळी पिन घातली कीं पावसाच्या पाण्यानें दोन धातूंमध्ये क्षरण होऊन नळी झिजते; तेथें निकेलचा मुलामा दिलेलीच पिन हवी. चौथें, पंक्चर बुजविण्याचें द्रव औषध सेन्सरचें सूक्ष्म छिद्र बंद करूं शकतें. पांचवें, नव्या सेन्सरचा क्रमांक गाडीस कळविला नसेल, तर गाडी त्यास ओळखीतच नाहीं. यांपैकीं काय झालें आहे, हें ताडण्यास कारागिराकडे हातांत धरण्याचें एक उपकरण असतें. नवा सेन्सर विकत घेण्यापूर्वीं त्यानें चारही चाकें तपासून घ्यावींत.

२०२० सालीं आपल्या देशांतील नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचें साहित्य व ही दाबाची यंत्रणा असलेल्या लहान मोटारींस स्टेपनी न बाळगण्याची मुभा मिळाली. अशा गाडींत तर दिव्याकडे दुर्लक्ष करणें अधिकच घातक. पहारेकरी वारंवार हांक मारतो म्हणून त्याचें तोंड बांधूं नये. चोर आला आहे कीं पहारेकरीच आजारी आहे, हें उठून पाहावें.

ता. १ जुलै २०२३ रोजीं सिंदखेड राजाजवळ याच महामार्गावर एक बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले. टायर फुटला, असें चालकानें सांगितलें. परिवहन खात्याच्या पाहणींत तसा पुरावा आढळला नाहीं. अपघातानंतर टायरविषयींचें सत्य शोधणें इतकें कठीण असतें. निघण्यापूर्वीं मात्र तें पांच मिनिटांत कळतें.

पालकांस विनंति इतकीच कीं, दाब मोजण्याचें एक साधें मापक गाडींत ठेवावें, आणि महिन्यांतून एकदां व लांबच्या प्रवासापूर्वीं चारही चाकें व असल्यास स्टेपनी मोजावी. सेन्सर दुरुस्त होईपर्यंत हें दर आठवड्यास करावें. वाटेंत दिवा लागल्यास एकदम ब्रेक न दाबतां वेग हळूहळू उतरवून सुरक्षित जागीं थांबावें. आणि मुलांनो, मापक लावून आंकडा वाचणें व तो वहींत टिपणें हें काम तुम्ही आपल्याकडे घ्या. दिवा खरें बोलतो कीं खोटें, हें त्या वहीवरून घरांत सर्वांस कळेल.