पांढरे रेशनकार्ड आणि पाच लाखांचे कवच

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांपुरतीच आहे, ही समजूत ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पांढरपेशा घरांत अजून ऐकू येते. ती निराधार नव्हती. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ही योजना सुरू झाली तेव्हा आठच जिल्हे निवडले होते. शेजारचे मुंबई आणि रायगड त्यांत होते, ठाणे नव्हते. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर गेली, 2017 मध्ये नाव बदलले. तरी कवच कुटुंबामागे वर्षाला दीड लाखच राहिले आणि शहरातले पांढरे कार्ड बाहेरच. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने सर्व रेशनकार्डधारकांना आत घेतले, रक्कम 5 लाखांवर नेली आणि उपचारांची संख्या 1,356 केली. प्रत्यक्ष अंमल 1 जुलै 2024 पासूनचा.

हे 5 लाख माणशी नाहीत, साऱ्या कुटुंबाचे मिळून आहेत.

डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्याचे रेशनकार्ड साताऱ्याचे किंवा सिंधुदुर्गाचे असेल तर ते इथे चालत नाही, असेही मानले जाते. प्रत्यक्षात कार्ड महाराष्ट्राचे असले की पुरे; सोबत ओळखपत्र लागते. परप्रांतीय कामगाराची गोष्ट वेगळी: केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या आपल्या राज्यातल्या यादीत नाव असेल तरच त्याला इथे त्या योजनेचा लाभ मिळतो. सत्तरी ओलांडलेल्यांना मात्र ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळते.

खरी फसगत रुग्णालयाच्या दारात होते. योजना सरसकट प्रत्येक खासगी रुग्णालयात लागू होत नाही, फक्त संलग्न रुग्णालयांत. तिथेही ठरलेल्या उपचारांनाच. साध्या तापाची बाह्यरुग्ण तपासणी त्यात बसत नाही. आधी बिल भरून मग परतावा मागण्याची ही मेडिक्लेमसारखी पद्धतही नाही. दाखल होताना रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, नोंद, मग मंजुरी, मग रोकडविरहित उपचार, असा क्रम आहे. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवर मंजुरी घेता येते. रुग्णालय संलग्न आहे का, हे 155388 या क्रमांकावर विचारता येते.

सरकारी दवाखान्यांतले मोफत उपचार आणि ही योजना यांचीही गल्लत होते. 15 ऑगस्ट 2023 पासूनची शुल्कमाफी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरती आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकांची असल्याने त्या निर्णयात आपोआप येत नाहीत.